मागच्या खुर्चीवरचा पाळक

रेल्वे लाईन्स, सोलापूर
१२ जून २०२३

शांतू, तुला आत्याचा सलाम.

काल तुझी दोन माणसं माझ्याकडे चहाला येऊन गेली. आपल्या चर्चच्या मंडळ्यांच्या सभेनं इथे नेतृत्व शिबिर भरवलं. प्रत्येक मंडळीच्या पाळकानं यावं असं पत्रक निघालं, जिल्ह्यातले सगळे पाळक इस्त्रीचे शर्ट घालून आले, आणि बार्शीहून कोण आलं? चनमल्लप्पा शिंपी आणि ती गोजाबाई. मी दार उघडलं तर बाई पदराला हात पुसत उभी. मला वाटलं कुणी धुण्याभांड्याचं काम विचारायला आलीय. तसं मी विचारलंही. ती हसली आणि आत येऊन बसली.

मला ऐकू येत नाही हे तू त्यांना सांगून ठेवलं होतंस वाटतं, कारण चनमल्लप्पानं आल्या आल्या माझी पाटी मागितली. त्या पाटीवर एकेक कळत गेलं आणि माझा चहा निवून गेला. घंटा दुसरं कुणी वाजवतं. गीत शिंपी उचलतो. आजाऱ्यांच्या घरी गोजाबाई जाते, मार्केट यार्डात दिवसभर धान्य चाळून झाल्यावर. आता म्हणे महिन्यातून एक रविवार उपदेशही तीच करते. मी पाटीवर लिहिलं, मग पाळकसाहेब काय करतात? चनमल्लप्पानं लिहिलं, मागे खुर्चीवर बसतात.

अरे, तुझ्या आतोबांनी या सोलापुरात उभा जन्म मंडळी चालवली. घंटा त्यांनी वाजवली, गीत त्यांनी उचललं, उपदेश त्यांचा, आजाऱ्याच्या उशाशी ते, सोयरिकी जमवायला ते, भांडण मोडायला ते, चर्चमधला बल्ब गेला तर स्टुलावरही तेच. मी पाळकाची बायको, पण मला जन्मात कधी चारचौघांत प्रार्थना म्हणावी लागली नाही, इतकं त्यांनी सगळं अंगावर घेतलं होतं. पुढारी म्हणजे असा असतो. आईबापामागे तुला मी याच घरात वाढवलं, तू हे डोळ्यांनी बघितलंस, आणि शिकलास काय? खुर्ची.

तू लहानपणापासून अंगचोर. लग्न केलं नाहीस तेव्हा मी मनाला समजावलं की चला, सगळा वेळ मंडळीला देईल. आता कळलं, तोही देत नाहीस.

फोन करू नकोस, ऐकू येत नाही. मोबाईलवरचं मुंगीएवढं अक्षर मला दिसत नाही. पत्र लिही. शेजारची अक्षता कॉलेजला जाताना माझी पत्रं टाकते, तुझी आणून देते. गोजाबाईबरोबर लिंबाचं लोणचं दिलंय, ते तरी स्वतः खा.

तुझी,
रिबका आत्या


बार्शी
२८ जून २०२३

आत्या, सलाम.

पत्र वाचून कानाला हात लावले. लोणचं मीच खातोय, त्याची वाटणी केलेली नाही.

आता माझी बाजू ऐक. गेल्या वर्षी मी एक पद्धत सुरू केली. गीत संपलं की मी प्रार्थनेला उठत नाही. कुणाचं तरी नाव घेतो आणि म्हणतो, हे आपल्याला प्रार्थनेत चालवतील. आधी कुणाला सांगत नाही. सांगितलं की माणूस कागदावर लिहून आणतो आणि मग तो देवाशी कमी, कागदाशी जास्त बोलतो. एकच नियम ठेवलाय, नाव घेतलं की उठायचं. उठून नुसतं आमेन म्हणालात तरी चालेल.

पहिल्यांदा चनमल्लप्पाचं नाव घेतलं तर तो घाबरून कानडीत सुरू झाला. तो मूळचा अक्कलकोटकडचा. आम्हाला एक अक्षर कळलं नाही, तरी शेवटी सगळे मोठ्यानं आमेन म्हणालो. गोजाबाईचं नाव घेतलं तेव्हा ती उठली, भिंतीला धरून उभी राहिली आणि म्हणाली, “देवा, मला काय येत न्हाय, तुला ठाऊकच हाय. आमेन.” आणि खाली बसली. आत्या, मी इतकी वर्षं प्रार्थना करतोय, इतकी खरी मला जमलेली नाही. तेव्हाच मनाशी ठरवलं की हिला पुढे आणायचं. आता ती बोलायला लागली की लहान पोरंसुद्धा चुळबुळ थांबवतात. अजून मात्र अधूनमधून माझ्याकडे बघते, बरोबर चाललंय ना म्हणून. ते बघणं थांबलं की ती तयार झाली.

एक गोष्ट तुला कधी बोललो नाही, वाईट वाटेल म्हणून. आतोबा गेल्यानंतरचा पहिला रविवार आठवतो? चर्च भरलेलं होतं आणि गीत कोणी उचलायचं हे एकाही माणसाला ठाऊक नव्हतं. घंटेची दोरी कुठे बांधतात तेही नाही. आपण सगळे एकमेकांची तोंडं बघत बसलो होतो. वर्षभरात निम्मी मंडळी पांगली. आतोबांसारखा पाळक पुन्हा होणार नाही, मी त्यांच्याच हाताखाली वाढलो. पण ते सगळं स्वतःबरोबर घेऊन गेले. आमची मंडळी किती लहान, तुला ठाऊक आहे. इथे दुसरा पाळक यायचा म्हटला तर वर्षं जातात. मला ती पांगलेली बघायची नाही.

खुर्चीचं म्हणशील तर आळशी म्हण, चालेल. पावसाळी हवेनं जरा दम लागतो, एवढंच. तब्येत ठीक आहे.

तुझा अंगचोर,
शांतू


सोलापूर
२० सप्टेंबर २०२३

शांतू,

एवढे दिवस उत्तर दिलं नाही कारण रागावले होते. अजूनही आहे, पण तुझी दोन पत्रं नंतर आली, त्यांचं उत्तर न देणं बरं दिसत नाही.

तुझे आतोबा सगळं बरोबर घेऊन गेले म्हणतोस. त्यांच्या अंत्ययात्रेला रस्ता भरला होता, तो तू बघितलास. दुकानदारांनी शटरं ओढली होती. आपले नसलेले लोकसुद्धा टोप्या काढून उभे होते. ते काय उगाच? मंडळी पांगली ती मंडळीच्या कृतघ्नपणानं. ज्याच्या हातचं खाल्लं त्याच्या माघारी चार दिवस धीर धरवला नाही लोकांना. त्याचं खापर तू त्यांच्या डोक्यावर फोडू नकोस. मी या घरात त्यांच्या फोटोसमोर जेवते, मला असलं काही वाचवत नाही.

आणि दम लागतो तर डॉक्टरला दाखव. चाळिशीत कसला दम? चालणं नाही, फिरणं नाही, बसून राहिलं की असंच होणार.

नोव्हेंबरात तुमचा हंगामाचा सण असतो ना, त्याला मी येते. अक्षता एसटीत बसवून देईल, तू उतरवून घे. एकदा डोळ्यांनी बघते काय चाललंय ते.

आत्या


सोलापूर
२८ नोव्हेंबर २०२३

शांतू, सलाम.

सुखरूप पोचले. गाडीत जागा मिळाली, शेजारी बसलेल्या बाईनं बोरं दिली.

सण चांगला झाला, ते मी मान्य करते. वेदीसमोर उडीद, सोयाबीन, भोपळे, लिंबं, सगळं कसं छान मांडलं होतं. नंतर अर्पणांच्या लिलावात तो म्हातारीचा कोंबडा काय ओरडला मला कळलं नाही, पण सगळे हसताना बघून मीही हसले. लोक प्रेमळ आहेत तुझे. माझ्या पाया पडायला पोरी येत होत्या, तेव्हा तुझ्या आतोबांचे दिवस आठवले.

पण जे बघायला आले होते तेही बघितलं. गोजाबाई उपदेशाला उभी राहिली. मला काही ऐकू येत नव्हतं, तरी चेहऱ्यावरून वाटलं, बरं बोलतेय. आणि पाहता पाहता मधेच थांबली. तुझ्याकडे बघितलं, पुस्तक मिटलं आणि खाली उतरून बसली. सणाच्या दिवशी, भरल्या चर्चमध्ये. तू उठून कसाबसा शेवट केलास, खुर्चीच्या पाठीला धरून. बघ, मी म्हणत नव्हते? दम लागतो त्या कामाला. आज तिनं हात टेकले, उद्या शिंपी टेकेल. ज्याचं काम त्यानंच करावं.

आणि तू जाड झालायस. पाय तर असे टम्म झालेत की चपलेचा पट्टा मोकळा सोडून फिरत होतास. बसून बसून दुसरं काय होणार? रोज सकाळी भगवंत मैदानावर चार फेऱ्या मार.

निघताना गोजाबाई दिसली नाही. तिला माझा सलाम सांग.

आत्या


बार्शी
१० डिसेंबर २०२३

आत्या, सलाम.

हे पत्र तीनदा लिहून फाडलं. तुला दुखवायचं नाही, पण न सांगता राहणंही बरोबर नाही.

गोजाबाई दमली म्हणून थांबली नाही. तू बाजूच्या बाईला काहीतरी म्हणालीस, आठवतं? तुला वाटलं असेल हळूच बोललीस. आत्या, तुला तुझा आवाज ऐकू येत नाही. तू म्हणालीस, “पाळक जिवंत बसलाय, आणि ही उपदेश करतेय.” ते मागच्या सतरंजीपर्यंत सगळ्यांनी ऐकलं. गोजाबाईनंही ऐकलं. ती थांबली ती तेव्हा.

तू मुद्दाम केलं नाहीस हे मला माहीत आहे आणि मी सगळ्यांना तसं सांगितलंही. कुणी तुझ्यावर राग धरलेला नाही. पण त्या दिवसापासून गोजाबाई उठत नाही. गेल्या दोन्ही रविवारी तिचं नाव घेतलं, ती मान खाली घालून बसून राहिली. नाही म्हणाली नाही, पण उठलीही नाही. तिच्या घरी गेलो तर चहा दिला, सुनेचं बोलली, पावसाचं बोलली, या विषयावर अवाक्षर नाही. तुला राग येईल असं लिहितोय, पण एवढं कर. तिला दोन ओळी लिही. पाळकाच्या बायकोचा शब्द मोठा असतो.

थंडी वाढलीय, कान झाकून घेत जा.

शांतू


सोलापूर
२ जानेवारी २०२४

शांतू,

नाताळाचं तुझं कार्ड मिळालं. मी यंदा कुणालाच पाठवलं नाही.

मी हळू बोलले होते. अगदी हळू. निदान मला तसं वाटलं. म्हणजे गेली चार-पाच वर्षं मी जिथे जिथे हळू बोलले, तिथे तिथे लोकांनी सगळं ऐकलंय, आणि एकानंही मला सांगितलं नाही. शेजारच्या वासुदेवाच्या लग्नात मी नवरीच्या रंगाबद्दल बोलले होते. इथल्या नव्या पाळकाच्या पहिल्या उपदेशाला मी अक्षताला म्हणाले होते की याच्यापेक्षा घंटा बरी. काल दिवसभर मी तेच आठवत बसले.

तिला दोन ओळी लिही म्हणतोस. मी? काय लिहू? मी बोलले ते मोठ्यानं बोलले म्हणून चुकलं, की बोललेच ते चुकलं? पहिल्याची माफी मागायला माझी ना नाही. दुसऱ्याची मागायची तर तुझ्या आतोबांचा सगळा जन्म चुकला म्हणावं लागेल. ते माझ्यानं होणार नाही. दोन वेळा कागद घेतला आणि ठेवून दिला.

तिला म्हणावं, नको, काही म्हणू नकोस.

आत्या


बार्शी
१९ फेब्रुवारी २०२४

आत्या, सलाम.

हे पत्र बसून, सावकाश, एकट्यानं वाच.

माझ्या हृदयाचा स्नायू ढिला झालाय. ते रक्त नीट ढकलत नाही, म्हणून दम लागतो, म्हणून पाय सुजतात. दोन वर्षांपूर्वी मार्चमध्येच डॉक्टरांनी सांगितलं होतं. औषधांवर काही दिवस रेटता येईल, पण फार नाही. आता ते दिवस संपत आल्यासारखे वाटतात. पायऱ्या चढवत नाहीत. मी खुर्चीवर आळसानं बसत नव्हतो गं. उभं राहवत नव्हतं.

ज्या दिवशी कळलं त्या दिवशी मी घरी आलो आणि पहिला विचार आला की रविवारी घंटा कोण वाजवेल. तुझी शपथ, तोच विचार आला. आपल्या सोलापूरच्या चर्चमधला तो रविवार डोळ्यांपुढून हलेना. मग एकेक काम हातातून सोडत गेलो. सोपं नव्हतं. पहिल्यांदा दुसऱ्यानं घंटा वाजवली तेव्हा मी मागे बसून रडलो. आपल्यावाचून अडतंय हे ऐकायला किती गोड लागतं, ते आतोबांचा पोरगा असल्यामुळे मला चांगलं ठाऊक आहे.

तुला सांगितलं नाही, कारण तू त्याच दिवशी इथे येऊन माझी चूल ताब्यात घेतली असतीस. आणि सभेला कळवलं असतंस. त्यांनी सहा महिन्यांसाठी कुणीतरी पाळक पाठवला असता, तो भला माणूस असता, आणि गोजाबाई परत मागच्या सतरंजीवर जाऊन बसली असती. मला वेळ हवा होता. मंडळीतही कुणाला माहीत नाही. चनमल्लप्पा समजतो मला दमा आहे, तो मला अडुळसा आणून देतो.

बाकी सगळे तयार झाले. गोजाबाई राहिली. दर रविवारी नाव घेतो, दर रविवारी ती बसून राहते. मला वाटतं, ते बोलणं तिला फार आत लागलंय. तिच्याशिवाय हे लोक एकत्र राहणार नाहीत. चनमल्लप्पाचा गळा आहे, बाकीच्यांचे हात आहेत, पण संकटात लोक जातात ते तिच्या दारी. माझं काम तिथेच अर्धं राहिलं, आणि याचं मला मरणापेक्षा जास्त वाईट वाटतं.

आता ये. चूल घे ताब्यात. आणि येताना शेंगांची चटणी आण, डॉक्टर मीठ खाऊ देत नाहीत, पण तू देशील.

तुझा,
शांतू


सोलापूर
११ मार्च २०२४

गोजाबाई, तुम्हाला रिबकाबाईंचा सलाम.

तुम्हाला आजवर अगं-तुगं केलं. आता करणार नाही.

शांतूचं शेवटचं पत्र मला २२ फेब्रुवारीला, गुरुवारी मिळालं. शनिवारी अक्षताला सुट्टी होती, तेव्हा तिच्याबरोबर निघायचं ठरलं. शुक्रवारी सकाळी मी शेंगा भाजत होते. कढईत निम्म्या भाजून झाल्या होत्या, तेवढ्यात अक्षता तिचा मोबाईल घेऊन आली आणि पाटी शोधायला लागली. तिनं काही लिहायच्या आधीच मी गॅस बंद केला. गुरुवारीच निघाले असते तर तो मला भेटला असता. चटणीसाठी थांबले.

दफनाच्या दिवशी काय झालं ते तुम्ही सगळ्यांनी ऐकलंत. मी फक्त बघितलं. म्हणून मी काय बघितलं ते लिहिते, आणि तुम्हाला एक मागणं मागते.

सभेकडून आलेल्या पाळकांनी कबरीपाशी पुस्तक वाचलं. ओठ हलत होते, पानं उलटत होती. मग त्यांनी डोळे मिटायला पुस्तक बंद केलं, तेव्हा मला कळलं की आता प्रार्थना आहे. समोर तुम्ही उभ्या होतात, मुठीत माती धरून, मान खाली घालून. आणि मला शांतूचं वाक्य आठवलं, माझं काम तिथेच अर्धं राहिलं. मी हात वर केला. पाळक थांबले. मी म्हणाले, “गोजाबाई आपल्याला प्रार्थनेत चालवतील.” या वेळी माझा आवाज मोठा आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. आणखी मोठा असता तर तोही लावला असता. जन्मात पहिल्यांदा मी मंडळीत तोंड उघडलं, असं मी लिहिणार होते, पण पहिल्यांदा कधी उघडलं ते तुम्हाला माहीत आहे.

तुम्ही मान वर केलीत. खुर्ची जिथे असते तिकडे बघावं तसं कबरीकडे बघितलंत. मला वाटलं तुम्ही याही वेळी गप्प राहणार. मग तुमचे ओठ हलले. बराच वेळ हलत होते. चनमल्लप्पा तोंडावर हात ठेवून रडत होता. ते बाहेरून आलेले पाळकही चष्मा काढून डोळे पुसत होते. मग सगळ्यांची तोंडं एकदम उघडली, म्हणजे आमेन म्हणाले असणार. मीही म्हणाले. कशाला आमेन म्हणाले ते मला माहीत नाही.

तो आठ वर्षांचा असल्यापासून मी त्याला वाढवलं. त्याच्यासाठी शेवटचं काय मागितलं गेलं, ते मला एकटीला ऐकू आलं नाही. तेवढं लिहून पाठवा.

आणि नोव्हेंबरात मी जे बोलले त्याची माफी. मोठ्यानं बोलले त्याची नाही, बोलले त्याची.

रिबका


बार्शी
२० मार्च २०२४

पाळकीणबाई, तुमास्नी गोजाबाईचा सलाम.

हे सून लिवतीया, बोल माझं हायेत. ती मधी मधी शुद्ध कराया बगती, मी करू देत न्हाय.

तुमी इचारलं मी काय बोलले. समदं ध्यानात न्हाय. चनमल्लप्पाला इचारलं तर त्यो सांगाया लागतो आन् कानडीत जातो. जेवडं आठवतंय तेवडं सांगते. मी म्हनले, देवा, ह्यो मानूस आमच्या पुडं चालला न्हाय, मागं बसला. कोन पडतंय का बगाया मागं बसला. आमी किती येळा चुकलो, त्यो हासला न्हाय. आता त्यो तुज्याकडं आला हाय. त्येचे पाय सुजल्यात. त्येला हुबं ठिवू नगंस. तितं बी त्येला मागं एक खुर्ची दे. आन् त्येची आत्या हितं हाय, तिला ऐकू येत न्हाय, तर तिच्याशी तू लिवून बोल. एवडं बोलले. मग आमेन.

आता दुसरं सांगते. ते मी कुनालाच सांगितलं न्हाय, सुनंला बी आत्ताच लिवताना कळतंय, ती रडतीया.

तुमी माफी मागू नगा. तुमच्या बोलन्यानं मी बसले न्हाय. यार्डात आडतीवर आमी दिसभर शिव्या खातो, मला बोलनं लागत न्हाय. गोष्ट दुसरीच हाय. माझं मालक असंच पाय सुजून गेलं. आदी चपलेचा पट्टा मोकळा, मग जिना चडंना, मग उशीला टेकून बसून झोपायचं. पाळकसायबांचा पट्टा मोकळा बगितला तवाच मला कळलं. मग ते येकयेक काम आमच्या हातात का द्याया लागल्यात, ते बी कळलं. मी इचारलं न्हाय. त्येनी सांगितलं न्हाय.

त्या सनाच्या दिवशी तुमी म्हनलात, पाळक जिवंत बसलाय. मी वरनं त्येंच्याकडं बगितलं. त्येनी माझ्याकडं बगून मान हलवली, बोल बोल म्हनून. लई खूश दिसत व्हते. आन् माझ्या मनात आलं, गोजे, तू आज नीट बोललीस की ह्यो मानूस जायला मोकळा. माझी जीभच उचलंना. मी खाली उतरले.

मग दर रविवारी त्येनी नाव घेतलं, आन् मी बसून ऱ्हायले. वाटायचं, मी तयार न्हाय तवर त्यो कसा जाईल? पोर चालाया शिकलं न्हाय तर आई हात सोडती का? मी त्येला धरून ठिवलं व्हतं, पाळकीणबाई. माझ्या अडानी डोक्यानं धरून ठिवलं.

पर गेलंच की. आन् जाताना त्येला वाटलं, गोजाबाई राग धरून बसली, आपलं काम अर्धं ऱ्हायलं. खरं त्येला कळलंच न्हाय. हे मला लई लागतं. भाकरी थापताना लागतं, चाळन हातात घेतली की लागतं. एक रविवार उटले असते तर त्यो समाधानानं गेला असता. तुमची चटनी आन् माझं बसून ऱ्हानं, दोन्ही एकच झालं बगा. आपन दोगी बी त्येच्यासाटी थांबलो, आन् त्येला उशीर झाला.

सभेनं कळवलंय, पाळक इतक्यात मिळनार न्हाय. महिन्यातनं एकदा कुनीतरी येईल. गेल्या रविवारी घंटा वाजली. गीत चनमल्लप्पानं उचललं. उपदेश मी केला. मदीच मागं बगायची सवय हाय, तर बगितलं. खुर्ची मोकळी व्हती, कुनी बसलं न्हाय तिच्यावर. मग मी फुडं बोलले. कुनी गेलं न्हाय, समदी घरं आली व्हती. सनाला कोंबडा दिलेली ती म्हातारी बी आली.

आता तुमचं. तुमी लिवलंत, जन्मात मंडळीत तोंड उगडलं न्हवतं, मंजी चारचौगांत प्रार्थना बी कदी केली नसनार. येत्या रविवारी तुमी बारशीला या. अक्षताला संगं आना. त्या खुर्चीवर बसा, मी पुसून ठिवते. गीत झालं की मी तुमचं नाव घेनार हाय. पाळकसायेब म्हनायचे, आदी कुनाला सांगू नगा, मानूस लिवून आनतं. पर तुमास्नी नाव घेतलेलं ऐकू येनार न्हाय, म्हनून सांगून ठिवते. लिवून आनू नगा. मी तुमच्याकडं हात करीन, तवा उटायचं.

गोजाबाई